उखर्डू

फ्रिजमध्ये, ठेच्याच्या मागे,
एक काचेची बरणी आहे, झाकण जरा सैल.
वर माझ्या अक्षरातली चिकटपट्टी:
चौथी पिढी. हलवू नये.
नाव: उखर्डू.

आधीच्या तीन दगावल्या.
एक मे महिन्यात. भुसावळात तेव्हा
टाकीचं पाणी अंगाला चटका देतं.
वीज सकाळी गेली ती दिवेलागणीला आली,
झाकण काढलं तर सडक्या अंड्यांचा वास.
दुसरीचं झाकण मीच घट्ट आवळलं,
नमुन्याच्या बाटलीचं आवळते तसं, हातच्या सवयीनं.
रात्री दोनला ती फुटली
आणि सरोदेकाका काठी घेऊन
गच्चीवर चोर शोधत राहिले.
तिसरीवर गुलाबी साय धरली.
ती मोरीत ओतली. त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.

आमच्याकडे मूल जगत नसलं
की पुढचं उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे.
उखर्डू म्हणायचे.
नेणाऱ्याला वाटावं, हे तर टाकलेलंच आहे.
माझे चुलत आजोबा उखर्डू
ब्याण्णव वर्षं जगले, ऊस दातांनी सोलत.

आणि तसं पाहिलं तर ही बरणीही उकिरड्यातलीच.
बाटल्या भरून झाल्यावर
ड्रमच्या बुडाशी उरलेला साका,
ज्यावर कुणीही सरळ नळ सोडेल.

मी पाणी उकळते. निवू देते.
साक्यावर ओतते, गदागदा हलवते,
मग वीस मिनिटं काहीच करत नाही.
हेच सगळ्यात अवघड.
तळाला बसतं मोड आणलेल्या दादरचं भूस
आणि कडू पाल्याचा चिखल.
वर निवळ पाणी.
मधे सायीच्या रंगाचा पदर,
खाली बसू की नको अशा बेतात.
तेवढाच घ्यायचा. शेजारीण विरजण मागायला आली
तर वाटीत घालावं, तेवढा.

दिवसभर मी लोकांच्या रक्तपेशी मोजते.
शेवटचा पेशंट गेला की
त्याच चौकटीच्या काचेवर, धुऊन पुसून,
उखर्डूचा एक थेंब, निळ्या रंगाचा एक थेंब.
मेलेले निळे होतात.
जिवंत आहेत ते रंग लागू देत नाहीत.
काल शंभरात अकरा निळे.
एकाच्या खांद्याला लेकरू चिकटलेलं,
त्याला मी दोनदा मोजलं.

टिकाराम मालगाडी घेऊन इटारसीकडे गेला
की बाटल्या थांबून राहतात.
ड्युटीआधी नळीत फुंकावं लागतं,
म्हणून आमच्या घरचं पिणं
रजेच्या तक्त्यावर चालतं.
उखर्डूला तक्ता कळत नाही.
तो थंडीत उपाशी झोपतो,
आणि गोड पाणी दिसलं की
रात्रीतून ड्रमला फेस आणतो.

या पिढीला केळीचा वास आहे.
पुस्तक म्हणतं, हा दोष. उष्णतेचा.
वीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका.
वीस!
ओलं गोणपाट गुंडाळून, कूलरसमोर मांडून,
दर तासाला उठून
मी अठ्ठावीसवर आणते, तेव्हा कुठे जेवते.

टिकाराम सावद्याचा. पेला नाकाशी धरून हसला:
"इथी ट्रकच्या ट्रक केळी सडू रायली,
अन् तू पेल्यात घड उतरवू रायली व!"
मग दुसरा घोट घेतला.
मग पेला पुढे केला, अजून ओत म्हणून.

परवा सासूबाई आल्या. ठेचा शोधताना
हात बरणीला लागला.
"हे काय व, गढूळ गढूळ?"
काही नाही, मी म्हटलं,
जरा मोठ्यानं, फ्रिजच्या दाराकडे तोंड करून,
टाकूनच द्यायचंय ते.